चोर, संन्यासी आणि टपाल

इ. स. १८६४ च्या मे महिन्यातील गोष्ट. लंडनमधील काही राजकारणी गृहस्थांच्या दारावर संध्याकाळच्या वेळी तारवाला येऊन उभा राहिला. त्या काळी अवेळी आलेली तार म्हणजे एक तर कुणाच्या निधनाची वार्ता, नाही तर राज्यकारभारातले काही तातडीचे. तार फोडून पाहतात तो आत मजकूर असा, की हार्ले स्ट्रीटवरील मेसर्स गॅब्रिएल हे दंतवैद्य ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच या वेळात दवाखान्यात भेटतील! ज्यांची दातांविषयी काही तक्रार नव्हती आणि या दंतवैद्यांशी ज्यांची ओळखदेखील नव्हती, अशा माणसांना ही तार. त्यांच्यापैकी एकाला संताप इतका अनावर झाला, की त्याने ‘टाइम्स’ पत्राकडे लेखी तक्रार धाडली.

आता हे गॅब्रिएल काही भामटे नव्हते. दवाखाना खरा, पत्ता खरा, वेळही खरी. फक्त ज्याच्या घरी तार गेली, त्याला कुणी विचारले नव्हते. आज ज्याला सारे जग ‘स्पॅम’ म्हणते, त्या अनाहूत टपालाचा इतिहास हा असा सभ्य माणसांपासून सुरू होतो. या टपालाला आवर घालण्यासाठी गेल्या पंचवीसएक वर्षांत देशोदेशी कायदे झाले, आणि प्रत्येक कायद्याबरोबर प्रामाणिक व्यापाऱ्यांनी एकच ओरड केली, ‘चोर सोडून संन्याशाला फाशी!’ ही ओरड कितपत खरी, ते पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

तारेला निदान पैसे पडत. खरी गंमत झाली ती संगणकाचे टपाल आल्यावर. ‘अर्पानेट’ नावाचे संगणकांचे जाळे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशाने चाले. विद्यापीठे, संशोधनसंस्था, सरकारी कचेऱ्या एवढ्यांचाच त्यात शिरकाव; धंद्याला मज्जाव. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नामांकित कंपनीत गॅरी थर्क म्हणून एक विक्रीचे काम पाहणारे गृहस्थ होते. कंपनीचा नवा संगणक लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ येथे दाखवायचा होता, आणि अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर कंपनीची ओळख बेताचीच. जाळ्यातील सभासदांची छापील यादी हाताशी होती. तीतले सुमारे ४०० पत्ते टंकवून घेऊन १९७८ च्या ३ मे रोजी थर्कसाहेबांनी सर्वांना एकच निमंत्रण धाडले. पत्त्यांची रांग इतकी लांबली, की पत्त्याच्या जागेत न मावता ती खाली मजकुरात उतरली. लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या आधी आप्तेष्टांची नावे वाचता वाचता दम लागावा, त्यातला प्रकार!

संरक्षण खात्याकडून कानउघाडणी झाली. पण थर्क पुढे अनेकदा सांगत, की त्या एका पत्रामुळे कंपनीचा एक कोटी डॉलरहून अधिक माल खपला. बोलणी खावी लागली ती एकदाच, टपालाला खर्च जवळजवळ नाही, आणि खप कोटीचा. असा सौदा दिसल्यावर कोणता व्यापारी हात आखडता घेईल? पोस्टाच्या पत्राला तिकीट लावतो तो पाठवणारा. म्हणून दहा हजार पत्रके टाकायची, तर दुकानदार दहादा विचार करतो. संगणकाच्या टपालात दहा पत्रे पाठवा की दहा लाख, पाठवणाऱ्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. ते साठवण्याचा, निवडण्याचा आणि फेकून देण्याचा खर्च घेणाऱ्याच्या पदरी. साऱ्या रोगाचे मूळ या उलट्या हिशेबात आहे.

‘स्पॅम’ या नावाची कथा थोडक्यात सांगतो. हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने १९३७ साली डबाबंद मांसाचा एक प्रकार काढला, त्याचे हे नाव. ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळींनी १९७० साली एक प्रहसन केले. त्यात खाणावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी ‘स्पॅम, स्पॅम’ असे इतक्या मोठ्याने गातात, की दुसऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये. संगणकावरच्या पोरांनी हे नाव उचलले. डबेवाल्या कंपनीचा यात काही दोष नसताना तिचे नाव मात्र कायमचे जगाच्या तोंडी बसले.

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने आणखी मोठी मजल मारली. ग्रीन कार्डाच्या सोडतीचा अर्ज भरून देतो, ही जाहिरात त्यांनी पाच हजारांहून अधिक चर्चागटांत एकाच सपाट्यात टाकली. जगभर बोंब झाली. पण गिऱ्हाईक मिळाले, असे ते दोघे शेवटपर्यंत सांगत राहिले. पुढच्या दहा वर्षांत खरे भामटे या वाटेने आले. बनावट औषधे, खोटे वारसाहक्क, चोरलेले पत्ते. सभ्यांनी पाडलेली पायवाट चोरांनी हमरस्ता करून टाकली.

कायदा येण्याच्या आधी लोकांनी आपापले पहारे बसवले होते. लंडनच्या स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ साली ‘स्पॅमहाउस’ नावाची संस्था काढली. उपद्रवी संगणकांच्या पत्त्यांची ती काळी यादी करी, आणि टपाल वाहणाऱ्या कंपन्या ती यादी पाहून पत्रे दारातूनच परत पाठवीत. युक्ती नामी होती. पण अशा याद्यांत कधी एका पत्त्याऐवजी आजूबाजूचा सगळा गट जाई, म्हणजे चाळीतल्या एका बिऱ्हाडात जुगार चालतो म्हणून अख्ख्या चाळीचे पाणी तोडावे तसे. त्याच यंत्रावर जागा भाड्याने घेऊन बसलेल्या पुस्तकविक्रेत्याला आपली पत्रे कुठे गडप होतात ते कळतही नसे.

मग सरकारे जागी झाली. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याचा दाखला घेतला, म्हणजे तेव्हाचे दोन पंथ नीट समजतात. एक पंथ म्हणतो, फेरीवाल्याने खुशाल कडी वाजवावी, पण घरच्यांनी ‘नको’ म्हटले की पुन्हा त्या दाराशी येऊ नये. दुसरा म्हणतो, बोलावल्याशिवाय जिना चढायचाच नाही. अमेरिकेने पहिला पंथ धरला, युरोपने दुसरा. युरोपीय संघाचा निर्देश २००२ चा. त्यात एक सवड होती : ज्याने तुमच्याकडून माल घेतला आहे, त्याला तशाच मालाविषयी लिहायला हरकत नाही, मात्र प्रत्येक वेळी ‘पुरे’ म्हणण्याची सोय हवी.

अमेरिकेत तीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे करून ठेवले होते. कॅलिफोर्नियाचा सर्वांत कडक. संमती नसेल तर एकेका पत्राला हजार डॉलर, आणि तो १ जानेवारी २००४ पासून लागू व्हायचा होता. ई-मेलच्या पत्त्यावरून माणूस कोणत्या राज्यात राहतो ते कळत नाही. मग दुकानदाराने तीस कायदे सांभाळावे तरी कसे? १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी साऱ्या देशासाठी एका कायद्यावर सही केली, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा अंमलात येण्याच्या दिवशीच बव्हंशी निकालात निघाला. या देशव्यापी कायद्याचे नाव ‘कॅन-स्पॅम’. इंग्रजीत ‘कॅन’ म्हणजे डबा, आणि ‘कॅन’ म्हणजे ‘करू शकता’ देखील! टीकाकारांना आयतेच हत्यार मिळाले. हा तर स्पॅम पाठवण्याचा परवाना आहे, असे ते म्हणू लागले. मोठ्या व्यापाऱ्यांनी मात्र त्याचे स्वागतच केले, ही गोष्ट ‘संन्याशां’च्या तक्रारी मोजताना विसरू नये.

या कायद्याच्या अटी कागदावर सोप्या आहेत. पाठवणाऱ्याचे नाव खोटे नसावे, विषयाची ओळ फसवी नसावी, ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव दहा कामकाजाच्या दिवसांत काढावे, आणि पत्राखाली खरा टपालाचा पत्ता असावा. ही शेवटची अट मला फार बोलकी वाटते. मोठ्या कंपनीला कचेरीचा पत्ता छापायला काय लागते? पण घरच्या स्वयंपाकघरात साबण तयार करून विकणारी बाई राहत्या घराचा पत्ता हजारो अनोळखी माणसांना कळवणार का? टपाल कचेरीतली भाड्याची पेटी चालेल, असे अमेरिकन व्यापार आयोगाने नियमांत स्पष्ट केले ते २००८ साली, म्हणजे कायदा लागू झाल्यावर चार वर्षांनी. आणि दंड? तो आता एकेका पत्रामागे पन्नास हजार डॉलरहूनही वर जाऊ शकतो.

‘मला लिहू नका’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय यादी करावी का, हेही या आयोगाला विचारले होते. जून २००४ मध्ये आयोगाने उत्तर दिले, की अशी यादी केली तर जिवंत पत्त्यांचा आयता खजिनाच चोरांच्या हाती पडेल. सरकारी अहवालात इतका व्यवहारी शहाणपणा क्वचित सापडतो.

आणि चोर? स्पॅमचा पूर पुढेही चढतच गेला. तो एकदम ओसरलेला दिसला तो नोव्हेंबर २००८ मध्ये. कॅलिफोर्नियातील मॅकोलो नावाच्या एका कंपनीच्या यंत्रांवरून जगभरच्या स्पॅमची सूत्रे हलत होती. एका वार्ताहराने चौकशी केल्यावर तिला जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी तार तोडली, आणि जगातले स्पॅम एका दिवसात निम्म्याहून अधिक घटले. काही महिन्यांतच ते पुन्हा पूर्वपदावर आले. तार तोडली ती खाजगी कंपन्यांनी. त्यात कॅन-स्पॅमचे एकही कलम वापरावे लागले नाही. मी शाळामास्तर आहे, त्यामुळे यात मला नवल वाटत नाही. शीळ मागच्या बाकावरून येते आणि उभा राहतो तो पुढच्या बाकावरचा, कारण त्याचे तोंड दिसते. ज्याचे नाव, पत्ता आणि वही जागेवर आहे, त्याच्यापर्यंतच नोटीस पोहोचते.

पण संन्याशाची खरी परीक्षा पाहिली ती कॅनडाने. तेथील कायदा १ जुलै २०१४ रोजी लागू झाला, आणि कंपनीला दंडाची मर्यादा ठेवली एक कोटी डॉलर. आधी संमती, तीही सिद्ध करता येईल अशी. गिऱ्हाइकाने माल घेतला असेल तर खरेदीपासून दोन वर्षे संमती गृहीत. नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने. संदेश कॅनडातल्या संगणकावर उघडला, की पाठवणारा कुठल्याही देशातला असो, कायदा लागू. तेव्हा समजा, पुण्याच्या एका बाई टोरोंटोतल्या मराठी घरांना दरसाल दिवाळीचा फराळ पाठवतात आणि ऑर्डरी ई-मेलने घेतात. एखाद्या घराने दोन दिवाळ्या काही मागवले नाही, तर तिसऱ्या दिवाळीला त्यांना ‘यंदा अनारसे केले आहेत’ एवढे लिहिण्याआधी या बाईंनी कॅनडाचा कायदा उघडून बसायचे! कॅनडाचे सरकार अनारशांसाठी पुण्याला कुणी पाठवणार नाही, हे खरे. पण कायदा पाळणारी माणसे कायद्याला भितात ती शिपाई येईल म्हणून नव्हे.

या भीतीने काय होते, त्याचा नमुना कायदा लागू होण्याच्या आदल्या आठवड्यातच दिसला. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या संगणकप्रणालीतील धोक्यांची सूचना वर्गणीदारांना ई-मेलने देत असे. जून २०१४ च्या अखेरीस तिने जाहीर केले, की सरकारी धोरणे बदलत असल्यामुळे ही पत्रे बंद. वस्तुतः सुरक्षिततेच्या सूचनांना त्या कायद्यात सवलत होती. चहूकडून हसे झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. जिच्या पदरी वकिलांची पलटण, तिची ही गत. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काय करावे?

मार्च २०१५ मध्ये पहिला मोठा दंड झाला तो क्वेबेकमधील कॉम्प्यु-फाइंडर या प्रशिक्षण-वर्ग चालवणाऱ्या कंपनीला : ११ लाख डॉलर. कंपनीचे म्हणणे असे, की पत्ते आम्ही त्या त्या संस्थांच्या उघड याद्यांतून घेतले. त्यावर उत्तर मिळाले, की पत्ता उघड असला तरी तुमचा संदेश त्या माणसाच्या कामाशी संबंधित हवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये दंड दोन लाखांवर आला; पण कायदाच घटनाबाह्य आहे हा युक्तिवाद २०२० साली अपील न्यायालयाने फेटाळला. ही कंपनी संन्यासी होती असे मला म्हणवत नाही. उलट त्याच महिन्यात ‘प्लेंटी ऑफ फिश’ या वधूवर म्हणता येणार नाहीत, पण त्याच जातीच्या जोड्या जमवणाऱ्या कंपनीने ४८ हजार डॉलर भरले, ते ‘नको’ म्हणण्याची सोय पत्रात ठळक दिसत नव्हती एवढ्यासाठी. सामान्य नागरिकाला स्वतः दावा लावून पैसे मागण्याचा हक्क जुलै २०१७ पासून मिळायचा होता. व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला, आणि महिनाभर आधी सरकारने तो हक्क बेमुदत स्थगित केला.

ब्रिटनमधली हकीगत तर एखाद्या नाट्यछटेला शोभावी. २०१८ च्या २५ मे पासून युरोपात विदा-संरक्षणाचा मोठा कायदा येणार, म्हणून कंपन्यांनी आधीच आपल्या वह्या साफ करायला घेतल्या. होंडा मोटारींच्या युरोपीय कंपनीने २,८९,७९० जणांना पत्र पाठवून विचारले, की आम्ही आपल्याला लिहावे अशी आपली इच्छा आहे का? फ्लायबी या विमान कंपनीने तेहेतीस लाख जणांना विचारले, आपली माहिती बरोबर आहे ना? मार्च २०१७ मध्ये सरकारी आयुक्तांनी पहिल्याला १३ हजार पौंड आणि दुसऱ्याला ७० हजार पौंड दंड ठोठावला. कारण परवानगी मागणारे पत्र हेही पत्रच, आणि त्यासाठी परवानगी कुठे होती? वाचकांना हे हास्यास्पद वाटेल. पण नीट पाहिले तर फ्लायबीने लिहिले ते ‘नको’ असे आधीच सांगून चुकलेल्या माणसांना. होंडाजवळ तर कुणी होकार दिला आणि कुणी नाही याची नोंदच नव्हती. ‘नको’ म्हटलेल्याचे दार ‘अजून नकोच ना?’ म्हणून पुन्हा वाजवणारा फेरीवाला आपल्याला चालेल का? होंडाबद्दल मात्र मला थोडी कीव येते. ती घर साफ करायला निघाली आणि केराची टोपली हातात दिसली म्हणून पकडली गेली.

वेदरस्पून या मद्यगृहांच्या मोठ्या कंपनीने दुसऱ्या टोकाला जाऊन जून २०१७ मध्ये गिऱ्हाइकांच्या ई-मेल पत्त्यांची सबंध यादीच पुसून टाकली. ज्याची शेकडो मद्यगृहे रस्त्यारस्त्यावर आहेत त्याला हे परवडते. ज्याचे दुकानच संगणकावर आहे, त्याची ती वही म्हणजे दुकानाचा रस्ता. २०१८ च्या मे महिन्यात युरोपातील लोकांच्या पेट्या ‘आम्हाला विसरू नका’ अशा विनवण्यांनी ओसंडून गेल्या. बहुतेकांनी त्या उघडल्याही नाहीत. न उघडणे म्हणजे नकार, असे अनेक व्यापाऱ्यांच्या वकिलांनी सांगितले आणि वर्षानुवर्षे जमवलेली गिऱ्हाइके एका रात्रीत वहीतून गेली. पुष्कळ ठिकाणी जुनी संमती पुरेशी होती. त्या पत्रांची गरजच नव्हती!

आपल्याकडे काय? भारतात स्पॅम ई-मेलसाठी वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रास देणाऱ्या आणि पाठवणाऱ्याचे मूळ लपवणाऱ्या ई-मेलला शिक्षा होती, ते त्यातल्या त्यात जवळचे. पण त्याची भाषा इतकी सैल, की २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून त्याच कलमाखाली अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. मोबाइलवरील लघुसंदेशांना मात्र आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१८ साली जबर नियम केले. धंद्याचा संदेश पाठवणाऱ्याने आधी नोंदणी करायची, पाठवणारा म्हणून दिसणारे नाव नोंदवायचे, आणि संदेशाचा साचाही आधी नोंदवायचा. ८ मार्च २०२१ रोजी प्रत्येक संदेश त्या साच्याशी ताडून पाहायला सुरुवात झाली, आणि साच्यात न बसणारे संदेश अडवले गेले. अडले काय? बँकांचे एकदाच चालणारे सांकेतिक आकडे! पैसे भरता येईनात, आणि नुकत्याच सुरू झालेल्या कोरोना लसीकरणाच्या नोंदणीलाही अडथळा आला. दुसऱ्याच दिवशी ‘ट्राय’ने सात दिवसांची स्थगिती दिली. पुढे घडी बसली. पण फसवणारे तोवर साध्या दहा आकडी क्रमांकांकडे वळले होते, तिथे ना साचा ना नोंदणी.

अलीकडे या कथेत एक नवाच अधिकारी आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी जाहीर केले, की फेब्रुवारी २०२४ पासून जी-मेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याने आपल्या नावाची तांत्रिक मोहोर उमटवावी, एका टिचकीत ‘नको’ म्हणता यावे, आणि हजारी तीनपेक्षा कमी लोकांनी ‘हे स्पॅम आहे’ असे म्हटलेले असावे. ही मोहोर थोडी पत्रे पाठवणाऱ्यालाही सुटलेली नाही, फक्त त्याच्यासाठी नियम सौम्य. कोणत्याही संसदेने हे ठरवले नाही, पण कोणत्याही संसदेच्या कायद्यापेक्षा त्याचा वचक मोठा. आणि दाद मागायची तरी कशी? स्पॅमहाउसने काळ्या यादीत टाकले म्हणून अमेरिकेतील ई-३६० या कंपनीने दावा लावला होता. प्रतिवादीने बचावच चालू न ठेवल्यामुळे २००६ साली एक कोटी सतरा लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. मग खरे नुकसान मोजायला बसल्यावर ती २७ हजारांवर आली, आणि २०११ साली अपील न्यायालयाने शेवटी हातावर ठेवले तीन डॉलर.

आपल्या फराळवाल्या बाईंना तर तेवढेही मिळायचे नाही, कारण त्यांचे पत्र अडवले गेले हे त्यांना कुणी कळवतच नाही. पत्र निघते, पोहोचतेही; पण टोरोंटोच्या त्या घरी ते स्पॅमच्या कप्प्यात, बनावट औषधे आणि खोटे वारसाहक्क यांच्या शेजारी जाऊन पडते. उत्तर आले नाही, म्हणजे यंदा त्यांना फराळ नको असेल, असे बाई समजतात. तिकडे त्या घरी, यंदा बाईंचे पत्र कसे आले नाही, असे म्हणत असतात. मग दिवाळी तीन आठवड्यांवर आली, की बाई जुनी वही काढतात आणि तिकडे रात्र आहे की दिवस याचा बोटांवर हिशेब करून एकेका घरी फोन लावायला बसतात.